तराफा तरंगतो ते ठीक, पण माणूस चढल्यावर सरळ राहील का? हिशोब पहिल्यापासून

आपल्या खान्देशात समुद्र नाही, पण पाण्यावर तरंगणारं काहीतरी बनवायची वेळ आजकाल बऱ्याच जणांवर येते. हतनूरच्या बॅकवॉटरला केळीवाल्यांचे पंप तराफ्यावर असतात, तिकडे नंदुरबारकडे अक्कलकुवा, अक्राणीत नर्मदेच्या काठच्या गावांना जायला बोटच लागते, आणि धुळे-जळगावची डिप्लोमा झालेली पोरं बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बोट, बनवणाऱ्या यार्डात कामाला लागतात. यार्डात पहिल्या आठवड्यात त्यांच्यासमोर केबी, बीएम, जीएम असे शब्द येतात आणि डोक्यावरून जातात. मी पण तिथूनच गेलोय. म्हणून एकच छोटा तराफा घेऊन सगळा हिशोब इथं मांडतो. मोठ्या बार्जला, तरंगत्या जेट्टीला हाच हिशोब लागतो, फक्त आकडे मोठे होतात.

आधी काय झालं ते सांगतो. रावेर तालुक्यात माझ्या मामांची केळी आहे, पंपासाठी सहा प्लास्टिकच्या ड्रमचा तराफा करायचा होता. वेल्डर पारोळ्याकडचा, हाताला एकदम साफ. तीन-तीन ड्रमच्या दोन ओळी जवळजवळ चिकटवून त्यानं फ्रेम मारली, वर फळ्या टाकल्या, मोटर बसवली आणि पाण्यात ढकलला. तराफा छान तरंगला, ड्रम निम्मेसुद्धा बुडले नव्हते. मी म्हटलं जरा हिशोब करू, तर तो हसून म्हणाला, "तरंगस ना भाऊ, मंग आते काय ऱ्हायनं?" मी पण गप्प बसलो. मग फुटव्हॉल्व्ह बघायला तो आणि मामांचा सालदार दोघं वर चढले. पहिला चढला तेव्हा तराफा एका बाजूला कलला आणि तसाच राहिला, परत सरळ झालाच नाही. दुसऱ्यानं पाय ठेवला तसा सावकाश, अजिबात आवाज न करता, तो उलटा झाला. दोघांना पोहता येत होतं म्हणून वाचले, मोटर मात्र दुसऱ्या दिवशी दोर लावून काढली. त्या तराफ्याला अजून ६०० किलो उचलायची ताकद शिल्लक होती, तरी पलटला. म्हणजे तरंगणं वेगळं आणि सरळ राहणं वेगळं, दोन्हीचे हिशोब वेगळे, आणि लोक फक्त पहिला करतात.

पायरी १: उचलायची ताकद किती

हे शाळेत झालेलं आहे, आर्किमिडीजचा नियम. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. नदी-धरणाचं गोडं पाणी १ घनमीटरला १००० किलो, समुद्राचं साधारण १०२५ किलो. त्यामुळं तेच जहाज समुद्रातून नदीच्या मुखात शिरलं की थोडं जास्त बुडतं.

पत्र्याची चौकोनी पेटी असेल, म्हणजे पाँटून, तर एकदम सोपं. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद पाँटून ४० सेंटिमीटर बुडला तर ६ गुणिले ३ गुणिले ०.४ म्हणजे ७.२ घनमीटर, म्हणजे पाँटून आणि त्याच्यावरचं सगळं मिळून ७.२ टन. पुढं प्रत्येक सेंटिमीटर बुडायला १८० किलो लागतात. हा शेवटचा आकडा काढून ठेवाच, कारण नंतर पट्टी लावून बुडालेली उंची मोजली की वर किती वजन चढलं ते लगेच सांगता येतं.

ड्रमचं थोडं वेगळं. आपला नेहमीचा २०० लिटरचा निळा ड्रम बाहेरून साधारण ५८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ९० च्या आसपास उंच असतो, पण कडा गोल असतात, अंगावर खाचा असतात. म्हणून मी हिशोबाला व्यास ५४ आणि लांबी ८८ धरतो, म्हणजे बरोबर २०० लिटर येतात आणि चूक झाली तरी आपल्या फायद्याची होते. सहा ड्रम म्हणजे १२०० किलो. आता माझा नियम असा की एकूण वजन याच्या निम्म्यावर जाऊ द्यायचं नाही. एक कारण म्हणजे एखादा ड्रम गळला तर हाताशी काही तरी शिल्लक पाहिजे. दुसरं कारण ड्रमच्या आकारात आहे, आडवा ड्रम निम्मा बुडालेला असताना पाण्याच्या रेषेवर सगळ्यात रुंद असतो, त्याच्या पुढं बुडाला की रुंदी कमी व्हायला लागते आणि त्याचा फटका कुठं बसतो ते पायरी ३ मध्ये दिसेल.

पायरी २: वजनांची यादी, आणि प्रत्येकाची उंची

नवीन माणूस इथं घाई करतो. नुसतं वजन लिहून चालत नाही, ते वजन ड्रमच्या तळापासून किती उंचीवर आहे ते पण लिहायचं आणि दोघांचा गुणाकार करायचा. आमच्या तराफ्याची यादी अशी होती:

ड्रम ६, मिळून ५४ किलो, उंची ०.२७ मीटर, गुणाकार १४.६
अँगलची फ्रेम १५० किलो, ०.५७ मीटर, ८५.५
फळ्या ७६ किलो, ०.६१ मीटर, ४६.४
मोनोब्लॉक पंप १०० किलो, ०.८५ मीटर, ८५
पाईप आणि त्याच्यातलं पाणी ७० किलो, ०.७५ मीटर, ५२.५
दोन माणसं १५० किलो, १.६ मीटर, २४०

एकूण वजन ६०० किलो, गुणाकारांची बेरीज ५२४. बेरजेला वजनानं भागा, ०.८७३ मीटर येतं. हा गुरुत्वमध्य, यार्डात याला केजी म्हणतात, किलोग्रॅमवाला केजी नाही, तळापासून गुरुत्वमध्यापर्यंतची उंची.

माणसांची ओळ परत बघा. वजनात ती पाव हिस्सा आहे, पण गुणाकारात जवळजवळ निम्मी. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य पोटाजवळ असतो, पायापासून साधारण १ मीटर वर, आणि पाय आधीच फळीवर आहेत. म्हणून छोट्या तराफ्यावर माणूस हीच सगळ्यात धोक्याची वस्तू, आणि यादीत नेमका तोच राहून जातो कारण तो कायम वर नसतो. पाईपमधलं पाणी पण असंच राहून जातं.

पायरी ३: मेटासेंटर, हाच खरा गाभा

कापूस भरलेली ट्रॉली वळणावर कशी झुलते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ओझं उंच, चाकं जवळ, की पलटायची भीती. तराफ्याचं पण तसंच, पण एक फरक आहे. ट्रॉलीचा आधार चाकांपाशी पक्का असतो, पाण्याचा आधार मात्र सरकतो. तराफा उजवीकडे कलला की उजवी बाजू जास्त बुडते, तिकडं जास्त पाणी सारलं जातं आणि वर ढकलणाऱ्या बलाचा मध्य उजवीकडे सरकतो. त्या नव्या मध्यातून सरळ वर एक रेघ ओढा, ती तराफ्याच्या मधल्या रेघेला जिथं छेदेल तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. हा शब्द फ्रान्सच्या पिएर बुगेनं १७४६ च्या त्याच्या जहाजांवरच्या ग्रंथात मांडला आणि आजही जगभर तोच चालतो. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या वर असेल तर पाणी तराफ्याला परत सरळ करतं, खाली असेल तर पाणीच त्याला पुढं ढकलून पलटवतं. दोघांमधलं अंतर म्हणजे जीएम.

काढायचा असा. केबी म्हणजे तळापासून बुडालेल्या भागाच्या मध्याची उंची. चौकोनी पेटीला ती बुडालेल्या खोलीच्या निम्मी. निम्म्या बुडालेल्या आडव्या ड्रमला हिशोब केला तर ०.१५५ मीटर येते.

बीएम म्हणजे त्या मध्यापासून मेटासेंटरपर्यंतची उंची. ती काढायला पाण्याच्या पातळीवर तराफ्याचा जो छेद दिसतो, म्हणजे वरून बघून पाण्यानं आखलेली आकृती, तिचा आय काढायचा आणि बुडालेल्या घनफळानं भागायचं. आय म्हणजे क्षेत्रफळ मधल्या रेघेपासून किती लांब पसरलंय त्याचं माप, सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी बीमच्या धड्यात केलेलं असतं. एका चौकोनाला लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले १२. दोन ओळी असतील तर प्रत्येक ओळीचा स्वतःचा आय, अधिक तिचं क्षेत्रफळ गुणिले मधल्या रेघेपासूनच्या अंतराचा वर्ग.

आमच्या पलटलेल्या तराफ्याचे आकडे टाकू. एका ओळीची लांबी २.६४ मीटर, रुंदी ०.५४, क्षेत्रफळ १.४३ चौरस मीटर. स्वतःचा आय ०.०३५. दोन ओळींच्या मध्यांमधलं अंतर होतं ६० सेंटिमीटर, म्हणजे मधल्या रेघेपासून ०.३ मीटर. १.४३ गुणिले ०.०९ म्हणजे ०.१२८. दोन्ही ओळी मिळून आय ०.३२६. घनफळ ०.६ घनमीटर. बीएम आला ०.५४. केबी मिळवला तर मेटासेंटरची उंची ०.७० मीटर. गुरुत्वमध्य ०.८७ वर. जीएम उणे ०.१७. कागदावर हा तराफा उभाच राहू शकत नव्हता.

मग माणसं चढायच्या आधी कसा राहिला? माणसं काढून तोच हिशोब केला, वजन ४५० किलो, गुरुत्वमध्य ०.६३ वर उतरतो, मेटासेंटर ०.८३ वर जातो, जीएम अधिक ०.२०. म्हणून मोटरसकट सरळ होता. एक माणूस चढला की जीएम जवळजवळ शून्य, दुसरा चढला की उणे. पाण्यावर जसं झालं तसंच कागदावर दिसतं, आणि हा हिशोब मी त्या रात्री मामांच्या ओट्यावर बसून केला, सकाळी करायला हवा होता.

आता सहाच्या सहा ड्रम तेच, वजन तेच, फक्त ओळींमधलं अंतर ६० सेंटिमीटरचं १.२ मीटर करा. मधल्या रेघेपासून ०.६, वर्ग ०.३६, म्हणजे आधीच्या चौपट. आय १.०९६, बीएम १.८३, मेटासेंटर १.९८ मीटरवर, जीएम १.११ मीटर. कुठं उणे ०.१७ आणि कुठं १.११. फ्रेमला अँगल जरा जास्त लागेल, तेवढं वजन यादीत वाढवून परत बघा, निकाल बदलत नाही. त्यामुळं तराफा डगमगतो म्हणून कोणी अजून ड्रम आणायला निघालं तर आधी त्याला थांबवा आणि आहे तेच ड्रम लांब सरकवा.

किती जीएम पुरे

मोठ्या मालवाहू जहाजांना आंतरराष्ट्रीय नियमात कमीत कमी ०.१५ मीटर जीएम सांगितलाय. तो आकडा आपल्या तराफ्याला लावू नका. १०,००० टनांच्या जहाजावर एक माणूस इकडून तिकडं गेला तर काहीच होत नाही, आपल्याकडं तो एकूण वजनाचा आठवा हिस्सा असतो. म्हणून उलटं विचारायचं: माणूस कडेला गेला तर किती कलेल? माणसाचं वजन गुणिले तो किती सरकला, भागिले एकूण वजन गुणिले जीएम. ७५ किलोचा माणूस ०.६ मीटर कडेला गेला तर ४५ भागिले ६६५, म्हणजे ०.०६८, जवळजवळ ४ अंश. दोघं एकाच बाजूला गेले तर साडेसात-आठ अंश. एवढं चालतं, याच्यावर माणूस घाबरून पकडापकडी करतो.

जीएम नुसत्या डोळ्यानं पण थोडा ओळखता येतो. तराफ्याला एका कडेनं दाबून सोडा. झटक्यात परत आला तर जीएम भरपूर. पाळण्यासारखा सावकाश, लाडात झुलत राहिला तर सावध व्हा. आमचा पहिला तराफा असाच मऊ झुलत होता आणि काठावरचे सगळे म्हणत होते की बघा किती छान बसलाय.

जीएम फक्त थोड्या कलण्यापुरता खरा, हे पण डोक्यात ठेवा. जास्त कलला की वरची ओळ पाण्याबाहेर यायला लागते. रुंद तराफ्याचं हे २६-२७ अंशाच्या आसपास पूर्ण होतं, तेव्हा वरचे तीन ड्रम पूर्ण बाहेर आणि खालचे तीन जवळजवळ पूर्ण बुडालेले, ६०० किलो त्या तिघांवर. परत आणणारा हात, म्हणजे वर ढकलणाऱ्या बलाच्या रेघेचं गुरुत्वमध्यापासूनचं आडवं अंतर, ज्याला जीझेड म्हणतात, त्याच्या जरा आधी सगळ्यात मोठा, साधारण ०.२९ मीटर. तिथून पुढं तो कमी होत जातो आणि ४५ अंशाला शून्य. हे सुद्धा माणसं जागच्या जागी राहिली असं धरून, आणि २० अंशाच्या ओल्या फळीवर कोणी जागेवर राहत नाही. जहाजांना म्हणूनच जीएमसोबत या जीझेडच्या आलेखाची अट असते, ३० अंश किंवा पुढं कमीत कमी ०.२० मीटर वगैरे. बार्जच्या कामाला गेलात की तो आलेख काढायला लागेलच.

पायरी ४: समतोल, म्हणजे आधीच एका बाजूला कललेला नको

यादीत उंचीसोबत अजून दोन रकाने करा, मधल्या रेघेपासून डावं-उजवं किती, आणि मध्यापासून पुढं-मागं किती. पंप आणि पाईप मिळून १७० किलो, ते ३० सेंटिमीटर एका बाजूला बसले तर ५१ किलो-मीटर होतात आणि माणसं मधोमध उभी असली तरी तराफा साडेचार अंश कलतो. मग लोक दुसऱ्या बाजूला वाळूचं पोतं ठेवतात. वजन वाढवण्यापेक्षा पंपाचं बेड सरकवा. डिलिव्हरी पाईप कडक नको, धरणाचं पाणी उन्हाळ्यात कितीतरी मीटर उतरतं आणि पाईप लोंबकळून तराफ्याला एका कोपऱ्यानं ओढतो. काठाला बांधायचा दोर पण फ्रेमच्या खालच्या अंगाला बांधा, वर रेलिंगला बांधला की वाऱ्यात तोच दोर पलटवायला मदत करतो.

पायरी ५: आत शिरलेलं पाणी

पत्र्याचा पाँटून करणाऱ्यांनी हे नीट वाचा. वर घेतलेला ६ बाय ३ चा पाँटून, ४० सेंटिमीटर बुडालेला. त्याचा आय १३.५, घनफळ ७.२, बीएम १.८७५ मीटर, म्हणजे एकदम भक्कम. आता वेल्डिंगमधून चार बोटं पाणी आत आलं आणि आत एकही पडदा, म्हणजे पत्र्याची आतली भिंत, नाही. पाँटून जरा कलला की ते सगळं पाणी खालच्या बाजूला पळतं. याचं नुकसान मोजायचं सूत्र तेच, आतल्या पाण्याच्या पृष्ठभागाचा आय भागिले बुडालेलं घनफळ, आणि तो पृष्ठभाग पण ६ बाय ३ चाच, म्हणून नुकसान पण १.८७५. मिळवलेला सगळा बीएम चार बोटं पाण्यात गेला! मधे लांबीच्या दिशेनं एकच पडदा टाकला, दीड-दीड मीटरचे दोन कप्पे झाले, की नुकसान चौथा हिस्सा होतं, ०.४७. पडद्याच्या एका पत्र्यात कंजूषपणा करू नका.

ड्रमवाल्यांना हा त्रास कमी, कारण प्रत्येक ड्रम म्हणजे स्वतंत्र कप्पा. पण आपल्याकडच्या उन्हात एक गोष्ट होते. भुसावळच्या ४५ डिग्रीत ड्रमचा वरचा भाग तापतो, आतली हवा फुगते, संध्याकाळी गार झाली की ती आकसते आणि ढिल्या बुचातून हळूहळू पाणी ओढते. रोज थोडं थोडं. म्हणून बूच पाण्याच्या वरच्या अंगाला ठेवा, वायसरला सीलंट लावा, जमलं तर आत फोम भरा.

पायरी ६: पाण्यात टाकून तपासा, माणूस चढायच्या आधी

स्वीडनचं वासा नावाचं युद्धनौकेचं जहाज १६२८ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्यांदा निघालं आणि दीडेक किलोमीटरच्या आतच वाऱ्याच्या झोतानं कलून बुडालं. त्याआधी धक्क्यावरच ३० खलाशांना या कडेवरून त्या कडेला पळवून चाचणी घेतली होती, जहाज एवढं हेलकावलं की चाचणी मधेच थांबवली, तरी जहाज सोडलं. चाचणी घेतली तर तिचं ऐका.

आपली चाचणी सोपी. तराफ्यावर एक मीटरचा ओळंबा टांगा, खालचं टोक पाण्याच्या बादलीत सोडा म्हणजे हलत राहणार नाही, मागं पट्टी लावा. काठाला उथळ जागी, कमरेएवढ्या पाण्यात, लाईफ जॅकेट घालून, वारा नसताना पहाटे. मोटरचा सप्लाय बंद. माणसं ठरल्या जागी उभी, अजिबात हलायचं नाही. नवीन तराफ्यावर आम्ही ४० किलोचं खताचं पोतं डावीकडं ४० सेंटिमीटरवर ठेवलं, ओळंब्याची खूण केली, मग ते उजवीकडं तेवढ्याच अंतरावर नेलं, म्हणजे ०.८ मीटर सरकवलं. ओळंबा ५ सेंटिमीटर हलला. ४० गुणिले ०.८ म्हणजे ३२, भागिले ६४० किलो गुणिले ०.०५, म्हणजे बरोबर १.०० मीटर जीएम. पोतं धरून कागदावर १.०१ येत होता. पारोळ्याच्या आमच्या वेल्डरनं ओळंब्याची ती खूण स्वतः दोनदा मोजली, आणि आता तो फ्रेम मारायच्या आधी ओळींचं अंतर विचारतो.

सगळं झाल्यावर एक काम करा. शांत पाण्यात, पंप-पाईपसकट, माणसं खाली उतरवून, प्रत्येक ड्रमवर पाणी जिथं टेकतं तिथं लाल ऑइलपेंटची रेघ मारा. रोज सकाळी मोटर चालू करायच्या आधी काठावरून त्या सहा रेघा बघायच्या. जी रेघ पाण्याखाली गेली त्या ड्रममध्ये पाणी शिरलंय, तो बदलल्याशिवाय वर पाय ठेवायचा नाही.